टेबलावर मांडलेल्या गोळ्या

पप्पा, शाळेच्या सुट्टीत इथे आखातात तुमच्या रास अल खोरच्या गोदामात पहिल्यांदा आले, तेव्हा मला ते प्रदर्शनच वाटलं होतं. प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या मालाचा नमुना तारेने बांधलेला: बोल्ट, वॉशर, रबरी रिंग. एका पठाण मिस्त्रीला हव्या त्या वस्तूचं नाव सांगता येईना, तशी मी फिदीफिदी हसले. त्याने नेमक्या नटावर बोट ठेवलं. तुम्ही माल काढून दिलात, "यल्ला भाई, खलास" म्हणालात, आणि तो गेल्यावर माझा कान धरलात. "नाव येत नाही म्हणजे अक्कल नाही, असं नसतं. वस्तू समोर ठेवायची. माणूस बरोबर दाखवतो."

पुढे मी नोकरीला लागले, त्याच वर्षी तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि तुमचेच शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, हा वाचाघात आहे, ह्यांना समजतं सगळं, सावकाश सांगत जा. पण नव्या औषधांचं मात्र त्यांनी कॉरिडॉरमध्ये, इंग्रजीत, मलाच सांगितलं. मी घरी येऊन तुम्हाला एवढंच म्हटलं, "घ्या, बरं वाटेल." तुम्ही गोळ्या थुंकून टाकायचात. खाली मला हमरियाला कामावर नेणारी कंपनीची गाडी हॉर्न देत असायची आणि मी तुमच्यावर खेकसायचे.

मग तो शुक्रवार. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसला आहात. डाव्या हाताने प्रत्येक पाकिटातली एकेक गोळी काढून रांगेत मांडली आहे. एका गोळीवर बोट ठेवता, मग छातीवर, मग डोक्यावर, आणि माझ्याकडे बघता. पुन्हा दुसरी गोळी. तेवढ्यात तुमच्या गोदामातले मॅनेजर फळं घेऊन येतात.

"अरे, ये क्या कर रहे हैं?"

"कुछ नहीं अंकल, खेलते रहते हैं. अब इनको कुछ समझ में नहीं आता." मी गोळ्या गोळा करून डबीत टाकते.

तुम्ही हात मांडीवर घेतलात. त्यानंतर कधी गोळ्या मांडल्या नाहीत. दिलेली गोळी मुकाट्याने गिळलीत, शेवटपर्यंत. आई म्हणायची, किती शहाण्यासारखे वागतात आता. मीही हो म्हणायचे.

ही कशाची, ती कशाची, एवढंच विचारत होतात तुम्ही. तुमचंच शरीर होतं. हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. तिला मी सांगितलंय, ते तारेने बांधलेले नमुने मला तुम्ही गेल्यावर आठवले. खोटं आहे ते. गोळ्या गोळा करतानाच आठवले होते. पण पाहुणे समोर होते, आणि मला तुमची लाज वाटत होती.