आईनं बाईला सांगितलेली गोष्ट

११ ऑक्टोबर १८८७
आजही आली! सलग आठवा दिवस. आई चेस्टनट सोलत बसलेली आणि ही इंग्रज बाई — मिस पेनफोल्ड — शेजारी वही उघडून. आमच्या डोंगरातल्या जुन्या गोष्टी उतरवून घेते म्हणे, तिकडे छापायला. मी आत गेले की दोघी गप्प. मी शिकवते त्या शाळेत चाळीस पोरं मला बघून गप्प होतात, पण हे गप्प होणं वेगळं.

१३ ऑक्टोबर
पाववाला गॉस्तो ओरडला, "इझोलिना, सांभाळ गं! म्हातारीचं डोकं रिकामं करून विलायतेला नेईल ती!" सगळे हसले. मला नाही हसू आलं.
आईला विचारलं, आज काय सांगितलंस? "हेच गं. कोल्हा, राजकन्या." खोटं! कोल्ह्याच्या गोष्टीला कुणी डोळे पुसतं?

१६ ऑक्टोबर
आईचा खोकला वाढलाय. तरी बाई हजर. दारातच अडवली. "आजारी माणसाला पिळून काढताय तुम्ही." ती आमच्याच बोलीत, हळूच म्हणाली, "त्यांनीच बोलावलंय मला." आतून आई खेकसली — "येऊ दे तिला!" माझ्यावर! परक्या बाईसाठी!

१७ ऑक्टोबर
बाई झऱ्यावर पाणी आणायला गेली, आईला झोप लागलेली. वही उघडली. सगळं आमच्याच बोलीत उतरवलेलं. चोरीच केली.
कोल्हा होता, राजकन्याही होती. मग शेवटची गोष्ट. एक बाई शहरातल्या अनाथालयातून, पैसे घेऊन दूध पाजायला, तान्ही मुलगी घरी आणते. थंडीत तिची स्वतःची मुलगी जाते. ती अनाथालयाला कळवते, तुमचंच मूल गेलं. आणि ते परकं मूल आपल्या मुलीच्या नावानं वाढवते.
खाली लिहिलेलं: 'ही छापायची नाही. झेलिंदाची विनंती — मी गेल्यावर मुलीला वाचून दाखवा. माझ्या तोंडून निघत नाही.'
झेलिंदा माझी आई. तिला मुलगी एकच.

१८ ऑक्टोबर
शाळेत गेले नाही.

१९ ऑक्टोबर
आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, वाचलं मी. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या इझोलिनाला चर्चमागे पुरलंय. तुझ्या नावानं. सेलेस्ते."
म्हणजे सेलेस्ते मी.
मग माझ्याकडे वळून — "आता तुला काय हाक मारू गं?"
"रोज मारतेस तीच."