अर्धा सुळा

मंगळवार, पेण

वर्गातल्या अंध मुलांना हात लावून हत्ती कळावा, म्हणून दामूकाकांकडून शाडूचा हत्ती करून घेतला. काकांनी जन्मभर गणपतीच घडवले. हाताच्या सवयीने त्यांनी एक सुळा अर्धाच ठेवला. आठ दिवस हत्ती माझ्या टेबलावर होता, तरी मला दिसलं नाही!

आज रोह्याच्या शाळेत सुमनची बोटं नेमकी त्या सुळ्यावर थांबली.
"बाई, ह्याचा येक दात मोडलाय?"
म्हटलं, "नाही गं, काकांची चूक झाली."
"मग बाकीचा हत्ती बरोबर हाय कशावरून?"

सुळा उद्या जोडून आणीन. पण कान? पाय? ते बरोबर आहेत ना? खरा हत्ती मी तरी कुठे पाहिलाय?