बुडातून तोडलेली जास्वंद

करिष्मा,

ट्रॅक्टर आला, निघालो. तुझा नुकताच डोळा लागला व्हता, म्हणून उठवलं न्हाई.

जास्वंदीचे नुसते शेंडे छाटायला सांगितलं व्हतंस. पण माझा हात ऊसतोडीचा. कोयता धरला की आपोआप वाकतो अन् बुडातूनच तोडतो. ताट वाढलंस, पण बोलली न्हाईस. चुकलंच माझं. रोप दिलेली तुझी आई परवा येणार हाय, तिला माझंच नाव सांग.

बुडाला शेण लावून पालापाचोळा पसरलाय. रोज तांब्याभर पाणी घाल, घागर उचलू नको. सातवा चालू हाय. शेवग्याखाली बाज टाकलीय, सकाळी उन्हात बसत जा. वालाच्या शेंगा हाताला येतील तेवढ्याच तोड.

नवरा-बायकोचा मिळून एक कोयता; तू संगं न्हाईस, म्हणून मुकादमानं यंदा मला अर्धा कोयता धरलंय. खरंच हाय त्याचं.

बुडातून तोडलेला ऊस परत फुटतो, तशी जास्वंदबी फुटंल. पहिला कोंब दिसला की फोटो पाठव. बोलायचं नसंल तर बोलू नको, नुसता फोटो पाठव.

अभिमन्यू