रंगकाम चालू आहे

प्रिय जागृती,

हातात मोबाइल असताना आईने पत्र लिहावं म्हणजे हिला झालंय तरी काय, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी बोलतो खऱ्या, पण त्यात 'जेवलीस का, बरी आहेस ना' हेच जास्त. जरा अवघड काही आलं की एकीचा कुकर होतो, नाहीतर दुसरीच्या दारावर कोणीतरी येतं. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, रंगाच्या पालथ्या डब्यावर टेकले आहे. कपाट, पलंग, शिलाई मशीन सगळं खोलीच्या मधोमध आणि त्यावर जुन्या चादरी. दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाते, खाली बघते, परत येते. कालपासून हेच चाललंय. चित्त म्हणून थाऱ्यावर नाही.

तू म्हणायचीस, आई, चिखल्याच्या वाडीत संसार केलेली तू, स्टेशनसमोरच्या दुसऱ्या मजल्यावर महिनाभरही टिकणार नाहीस. बाबा गेल्यावर चिकूची वाडी काकांवर सोपवून इथे आले आणि टिकले, पण रमले म्हणशील तर नाही. खाली दिवसभर 'चारोटी, कासा, तलासरी' असं ओरडणारे जीपवाले, भाजीवाल्यांची भांडणं, गाड्यांच्या घोषणा. तिकडे अंगणात चार फेऱ्या मारल्या की जीव शांत व्हायचा, इथे फेऱ्या मारायच्या तर स्वयंपाकघर ते गॅलरी. पण भर बाजारात राहिलं की एक गोष्ट नजरेला पडते. सकाळी दुकानं उघडायच्या आधी कोणत्या पायरीवरून कोण पथारी गुंडाळतं, ते वरून सगळं दिसतं. रोज दिसतं, आणि रोज दिसतं म्हणूनच हळूहळू दिसेनासं होतं.

यंदा आपल्या सागरदीप बिल्डिंगच्या बायकांनी ठरवलं, दिवाळीच्या आठवडाभर आधीच बेघर कुटुंबांना फराळ वाटायचा. कल्पना तिसऱ्या मजल्यावरच्या संगीताची. मन चांगलं आहे तिचं, पण फोटोशिवाय तिला चांगुलपणा पचत नाही. चकल्या, चिवडा, करंज्या आणि वर एक पणती अशा पिशव्या घेऊन आम्ही नटूनथटून खाली उतरलो. पुलाखालची कुटुंबं झाली, स्टेशनच्या भिंतीलगतची झाली, शेवटी आपल्याच बिल्डिंगखाली बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर राहणारं एक उरलं. पाऊस तर यंदा दिवाळी तोंडावर आली तरी हटत नव्हता. त्या पायरीवर एक म्हातारी ओल्या गोणपाटावर कुडकुडत पडलेली, आणि संगीता तिच्यासमोर पिशवी धरून 'इकडे बघा, इकडे बघा' करतेय. म्हातारीची सून पिशवी घेईना. मला म्हणाली, "फराल नको, बाय. डोकरीला निजाला कोरडी जागा दे." संगीताने पिशवी खाली ठेवली. तेवढं सोडून आमच्याकडे सगळं होतं.

ती सून म्हणजे हिरी. म्हातारी तिची सासू, रूपी. घर होतं गं त्यांचं, तलासरीच्या पलीकडे, झरीच्या बाजूच्या एका पाड्यावर. ओढ्याला पाणी आलं आणि कुडाच्या भिंती बसल्या. हिरीचा नवरा रघ्या सगळ्यांना घेऊन इथे आला, बाजारात गोणी उतरवायचं काम मिळतं म्हणून. घर पुन्हा उभं करायचं तर कारवी हवी, बांबू हवेत आणि मदतीला माणसं हवीत, आणि भात कापून झाल्याशिवाय पाड्यावर एकही हात रिकामा नसतो. तोवर ती पायरी हेच त्यांचं घर. मी विचार केला नाही. विचार केला असता तर हातून झालंच नसतं. म्हातारीला धरून वर आणलं आणि तुझ्या लहान खोलीत निजवलं. मागोमाग रघ्या, हिरी, तिच्या दोन पोरी, एक पातेलं आणि एक कोंबडी. कोंबडी मी दुसऱ्या दिवशी चिखल्याला काकांकडे पोचवली.

त्यांना वर आणताना जिन्यातच किरीटभाई भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी ते, बाहेरचं माणूस एक रात्रही ठेवायचं नाही हा त्यांचा कायदा. "सुषमाबेन, आ बधा कोण?" ही सगळी कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रंगारी. दिवाळीचं रंगकाम काढलंय. त्यांनी रूपीकडे बघितलं. मी म्हटलं, ती पोरींना सांभाळायला. आता बोलून बसले तर रंग आणणं आलं. रघ्याने जन्मात ब्रश हातात धरलेला नव्हता. पहिली भिंत त्याने अशी रंगवली की ओघळ थेट फरशीपर्यंत. किरीटभाई मुद्दाम बघायला आले आणि बराच वेळ भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "डिझाइन छे?" मी म्हटलं, हो, नवीन आहे.

एक खोटं बोललं की ते पोसावं लागतं. रंगकाम संपलं की रंगारी जाणार, म्हणजे रंगकाम संपता कामा नये. आधी पिस्ता रंग दिला, मग तो मला आवडला नाही म्हणून बदामी. मग दारं, मग खिडक्यांचे गज, मग गॅलरीची जाळी, मग भिंतींना पुन्हा बदामीचा हात. आणखी काय रंगवता येईल, हा एकच विचार डोक्यात. संगीता आणि त्या दिवशीच्या बायका सोडल्या, तर ताकास तूर लागू दिली नाही मी कोणाला. रघ्याचा हात मात्र बसला. संगीताने त्याला स्वयंपाकघर दिलं, खालच्या भांड्यांच्या दुकानदाराने शटर दिलं. मिळालेल्या पैशांतून बांबू घेऊन तो अधूनमधून पाड्यावर जातो. भिंती उभ्या राहिल्यात, छप्पर तेवढं राहिलंय.

आणि दिवाळी, तिचं काय सांगू? बाबा गेल्यानंतर घर इतकं भरलेलं मी बघितलंच नव्हतं. नरकचतुर्दशीला दोन्ही पोरींना पाटावर बसवून तेल-उटणं लावलं, तर त्यांनी असा आरडाओरडा केला की संगीता वरून धावत आली. रूपीने काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवली आणि पानांत गुंडाळून वाफवली. माझ्या अनारशांना कोणी विचारलं नाही. दुपारी हिरी आणि मी गॅलरीत पाय पसरून बसलो, तेव्हा किती दिवसांनी मी एका जागी बसले असेन. चांगलं करतेय मी, असं मनात येत होतं. येऊ दिलं.

तुझा फोन आदल्या दिवशी आला होता, धनत्रयोदशीला सकाळी. "आई, दिवाळसण होईल तेव्हा होईल, मी जरा आधीच येऊ का? एकटीच?" असं विचारलंस. किरीटभाई दारात उभे होते. मी म्हटलं, नको गं बाई आता, रंगकाम काढलंय, घरात पाय ठेवायला जागा नाही. तुला खरं का नाही सांगितलं, तर तू मिथुनरावांना सांगशील, ते त्यांच्या आईला, आणि जावयासाठी सजवायच्या खोलीत हिने कोण आणून ठेवलंय म्हणून पहिल्याच दिवाळीला सासरी तुला ऐकून घ्यावं लागेल. तू "बरं" म्हणालीस. लहानपणी एका चॉकलेटसाठी तासभर हुज्जत घालणारी तू, एका शब्दात "बरं" म्हणालीस आणि मी फोन ठेवून किरीटभाईंना दारं दाखवायला गेले.

दिवाळी गेली तसं किरीटभाईंना सांगायला नवीन कारण लागलं. ते आयतंच होतं, तुझा दिवाळसण. लेक-जावई पहिल्यांदा येणार म्हणजे घर कसं लख्ख हवं. तूही एकेक दिवस पुढे ढकलत होतीस. आधी मिथुनरावांना रजा नाही, मग सासूबाईंचा गुडघा, मग आणखी काही. मी दर वेळी म्हणायचे, सावकाश या, घाई नाही. मला ते सोयीचंच होतं. पण परवा किरीटभाई म्हणाले, जमाई येणार ती तारीख सांगा, नाहीतर कमिटी येऊन घर बघेल. मग मात्र मी रीतसर आमंत्रण द्यायला म्हणून वापीला तुझ्या सासूबाईंना फोन लावला.

जयश्रीबाई म्हणाल्या, "आता कसलं आमंत्रण? धनत्रयोदशीला बॅग घेऊन निघाली ती तुमच्याकडेच आहे ना? माझ्याशी नाही तर नाही, मिथुनशी तरी बोल म्हणावं." जागृती, इतके दिवस खोटं बोलून जीभ अशी सरावलेली, की मी श्वासही न घेता म्हटलं, हो, इथेच आहे, अंघोळीला गेलीय. फोन ठेवला आणि मी ओल्या भिंतीला टेकून खाली बसले. साडीला सगळा बदामी रंग लागला. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मला फोन केलास. आधी निघालीस, मग विचारलंस.

मग मी बोईसरला निलमला फोन केला. तुझी तीच एक मैत्रीण, जिच्या दारात तू न विचारता जाशील. आधी तिने कानावर हात ठेवले, मग रडायला लागली. म्हणाली, "काकू, ती म्हणते आईकडे रंगकाम चाललंय, तिला त्रास नको." तू तिच्याकडेच आहेस, पण दिवाळीत निलमकडे तिच्या सासरची माणसं आली होती, तेव्हा ते दिवस तू तिथे नव्हतीस, एवढं तिच्याकडून निघालं. कुठे होतीस ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, माझी छाती झाली नाही. आपल्याकडे तेव्हा पोरींच्या अंगाला उटणं लागत होतं, आणि चांगलं करतेय मी असं माझ्या मनात येत होतं. त्या पोरींना घरात घेतलं याचं मला दुःख नाही. उद्या पुन्हा कोणी भिजत पडलं असलं तरी मी घेईन. पण तुझ्या जागेवर त्यांना घेतलं नव्हतं गं, जागा होती. तुला नको म्हटलं ते त्यांच्यामुळे नाही, चार लोक काय म्हणतील म्हणून.

हिरीला सांगितलं तर ती उभ्या उभ्या पातेलं बांधायला लागली. "तुझी पोर बाहेर नि आमी घरात? नाय बाय, आमी जातू." मी तिच्या हातातून गाठोडं ओढून घेतलं आणि तशीच, रंगाने माखलेल्या साडीत, किरीटभाईंकडे गेले. सांगितलं, ही माणसं रंगारी नाहीत. छप्पर होईपर्यंत माझ्याकडे राहतील. माझी लेकही येते आहे, ती दिवाळसणाला नाही, राहायला येते आहे, आणि किती दिवस ते मी तिला विचारणार नाही, तुम्हीही विचारायचं नाही. त्यांनी माझ्यासमोरच कमिटीला फोन लावला. आज संध्याकाळी कमिटी येणार आहे. काय ठरेल कोण जाणे. मी घर सोडून तुझ्याकडे यायला निघाले तर मागे रूपीला जिन्यात काढतील, म्हणून मला हलता येत नाही, नाहीतर पहिल्या गाडीने आले असते. हे पत्र हिरी आणतेय. "मी आनतू पोरीला," म्हणून तीच हटून बसली. तिला वाचता येत नाही, तेव्हा तुझं वाचून होईपर्यंत ती निलमच्या दारात बसून राहील. तिला चहा दे आणि परत एकटीला पाठवू नकोस. घरात सामान अजून मधोमध आहे, निजायला सगळ्यांना मिळून एवढीशी जागा, पण ती कोरडी आहे. काय झालं, कोणाचं चुकलं, पुढे काय, काही विचारणार नाही मी. फक्त तुझ्या सासूबाईंना मी सांगून बसलेय की तू इथे अंघोळीला गेली आहेस. आजवर बोलले ते सगळं खोटं पडलं तरी चालेल, पण एवढं एक खरं करायला ये. मी पाणी तापवून ठेवते.

तुझीच,
आई