फुकटातला फोटो

आई, तुझा फोटो छापायला उल्हासनगरला गेले होते. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय, आणि हळदीच्या दिवशी पाया पडायला तिला भिंतीवर आजी पाहिजे. तिने तुला बघितलेलंच नाही. "कशी दिसायची गं आजी?" विचारते. मी म्हटलं, "आजीसारखी." दुसरं काय सांगणार?

घरात आहेत ते सगळे फोटो मामाच्या कॅमेऱ्यातले आणि एकातही तू नाहीस. बदलापूर गावातलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू भाकऱ्या थापतेयस, मामा दारात कॅमेरा घेऊन उभा. "ताई, वर बघ ना जरा." तू तोंड फिरवतेस. "रोलचे पैसे, धुवायचे पैसे, वर कॉपीचे वेगळे. माझं थोबाड बघून कुणाचं पोट भरणारे? पोरांचे काढ." छत्तीस फोटोंचा रोल, पण नशीब असलं तर शेवटी एखादा जास्तीचा निघायचा. त्यावरच मामाने तुला पटवलं. "ताई, हा फुकटातलाय!" तेव्हा कुठे तू हात पुसून उभी राहिलीस. धुवून आला तर रोल तिथेच संपलेला. अर्धा चेहरा आला, अर्धा गेला. तर तू काय म्हणावंस? "अर्ध्याची कॉपी नको, पैसे पूर्ण घेतात." म्हणून नुसती निगेटिव्ह राहिली. राग येतो मला तुझा.

आता बघ. मोबाइलवर आधी बघायचा, आवडला तरच छापायचा, चहा पिऊन होईस्तोवर हातात. नाही आवडला तर पुसून टाक, एक पैसा जात नाही. माझ्या मोबाइलमध्ये तर मेथीच्या जुडीचासुद्धा फोटो आहे. तुझे पोटभर काढले असते गं. पण निगेटिव्ह पुढे केली तर दुकानदार म्हणतो, "काकी, ये काम आता कोण करतो? पहले स्कॅन, मग साफसफाई, मग प्रिंट." त्याने सांगितलेल्या पैशात मोबाइलमधले ढीगभर फोटो निघाले असते. तुझा फुकटातला सगळ्यात महाग पडला. आणि मी घासाघीस केली नाही. ऐकतेस ना? तुझी मुलगी, उल्हासनगरात, आणि घासाघीस नाही.

त्याने तुला कॉम्प्युटरवर उघडलं. एवढी मोठी तू मी कधी बघितलीच नव्हती. कपाळाला पीठ लागलेलं. मी तशीच उभी राहिले, मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं तरी. दुकानदार म्हणाला, "आधा मैं बना देता. तुमचाच गाल लावतो, काकी, सेम फेस आहे. इस साइड को काय होतं? तीळ, डाग, कुछ?" मी खेकसलेच त्याच्यावर. "आई माझी आहे ना? काही नव्हतं. साफ गाल होता. लाव."

फोटो भिंतीवर लागलाय. पोरगी येता-जाता बघते, म्हणते, आजी अगदी तुझ्यासारखी. मामा असता तर त्याला विचारलं असतं, तोही गेला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या गालावर काय होतं, मला आठवत नाही, आई. परक्या माणसासमोर तसं म्हणवेना.