म्हैस ओळखणारं मशीन आणि माझी रजा

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.३०
आता बास. ठरवलं.

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात गिऱ्हाईक आलं की धैर्यशील साहेब खुर्ची मागं सारतात आणि सुरू होतात. आमचं मशीन दूध बघून सांगतंय, गाईचं का म्हशीचं. एआय हाय पावणं, जपानात पण न्हाय! हा एआय मी लिहिलाय. एक ओळ आहे. फॅट सहाच्या वर असेल तर म्हैस, नाहीतर गाय. मागं साहेबांना ती ओळ दाखवली तर म्हणाले, एवढीशीच? वाढव की जरा. मी खाली-वर चार रिकाम्या ओळी टाकल्या. समाधान झालं त्यांचं.

पन्हाळ्याच्या वाटेवर एका दूध संस्थेत हे मशीन आठ महिने चालू आहे. एकही तक्रार नाही. काम माझं, कौतुक साहेबांचं. सहा प्रोग्रामर होतो. पाच जण पुण्याला गेले, उरलो मी. त्यातल्या केतनने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा बघितलीय. शनिवारपर्यंत उत्तर मागतोय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
प्लॅन असा. बुधवार ते शनिवार रजा. मी नसलो की गुरुवारपर्यंत सगळं ठप्प. साहेबांचे फोन सुरू होतील. पहिले तीन उचलायचे नाहीत. चौथ्याला फक्त 'बघतो' म्हणायचं. मग साहेब म्हणतील, सम्मेद, तुझ्याबिगर जमत न्हाय बघ. एवढं एक वाक्य ऐकलं की पुणं कॅन्सल. नाही ऐकलं तर पुणं. फायनल.

साहेबांनी अर्ज न वाचताच सही केली. जा की, म्हणाले. कुठं चाललास, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर गोवा सांगणार होतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
फोन फुल चार्ज. संस्थेत दूध घालायला सुरुवात झाली असेल.

९.००
नाही. सकाळी लोक गडबडीत असतात.

दुपारी २.००
खोलीत रेंज कमी असावी. खुर्ची खिडकीत घेतली. समोरच्या तालमीतली सगळी मंडळी फुटबॉलच्या मॅचला निघाली होती. शिवाजी पेठेत राहून मॅच न बघणारा मी एकटाच. दोन वर्षांपूर्वी एकदा बोलवायला आले होते, तेव्हा काम आहे म्हणालो. तेव्हापासून कोणी विचारत नाही. एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
साहेबांचा फोन! तीनदा सोडायचा होता, पण चुकून बोट लागलं आणि पहिल्याच रिंगला उचलला गेला. आरं, साखर कुठं ठेवल्यास, म्हणाले. ज्या डब्यावर 'केबल' लिहिलंय त्यात, म्हणालो. बरं, म्हणाले आणि ठेवला. एकोणीस सेकंद.

तरी मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्याच दिवशी फोन करावा लागला.

संध्याकाळी ६.००
घरमालकीण धोंडुबाईंना त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावायला सांगितला. वाजला. फोन चांगला आहे. कुणाचा यायचा हाय रं, म्हणाल्या. ऑफिसचा, अर्जंट, म्हणालो. जेवणाच्या वेळेला जिना चढून परत आल्या. आला व्हय? आला, तीनदा आला, म्हणालो. बरं झालं बाई, म्हणाल्या आणि पिठलं ठेवून गेल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मला मात्र खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, आणि पिठलं एकट्याने खाताना जास्तच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, रात्री ८.००
संस्थेचे लोक संकोची असतील, अडलं तरी फोन करत नसतील, म्हणून सकाळी स्वतःच बाईकवरून गेलो.

दूध मोजून घ्यायला वर्षाराणी म्हणून एक बाई आहेत. प्रत्येकाचं दूध आलं की बोटाने गाय किंवा म्हैस बटण दाबत होत्या. मी म्हणालो, अहो, हे मशीन आपोआप ओळखतं. म्हणाल्या, ते आपोआपचं बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद केलंय. अंबूबाईच्या म्हशीचं फॅट जरा उतरलं तर मशीननं चिठ्ठीवर गाय छापली. अंबूबाई घरी गेली, म्हैस सोडून आणली आणि दारात उभी केली. म्हणाली, बघ म्हणावं तुझ्या मशीनला, शिंगं बघ! सगळं गाव गोळा झालतं. कुणाच्या गोठ्यात काय हाय, आमास्नी ठावं हाय की.

मग फोन का नाही केला, विचारलं. म्हणाल्या, तुमचं साहेब म्हणालं हुतं, मशीन आपलं आपण शिकतंय. म्हटलं, शिकू दे.

माझा नंबर मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. मीच चिकटवलेला. त्यावर सभासदांच्या चिठ्ठ्यांचा खिळा ठोकलाय. तुम्ही कोण म्हणायचं, असं त्यांनी निघताना विचारलं. दुरुस्तीवाला, म्हणालो. येताना बाईक दोनदा थांबवली. डोळे पुसले. धूळ फार आहे त्या रस्त्याला.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ९.४५
साहेबांना सगळं खरं सांगायचं ठरवून फोन केला. संस्थेत जाऊन आलो, म्हणालो. शंभर टक्के चाललंय न्हवं, म्हणाले. शंभर टक्के, म्हणालो. मला ठावं हुतं, म्हणाले, आणखी चार संस्थांना शब्द दिलाय.

मग मी म्हणालो, साहेब, रजेचा आजचा दिवस रद्द करून येऊ का? रजा? म्हणाले. तू रजेवर हुतास व्हय? मला वाटलं आतल्या खोलीत बसलायस.

१०.१०
केतनला मेसेज टाकला. जमत नाही रे, इथं माझ्यावाचून सगळं अडतं.

त्याने लगेच अंगठा पाठवला. त्याला पटलं.