मांजरे घराबाहेर काढू नयेत

मी, यू पी-शिया, कै. चिएन चिन-थू यांची पत्नी, वय एकोणसत्तर, कोळी सहकारी संस्थेच्या कचेरीतून निवृत्त, राहणार कीलुंग, बंदरामागच्या टेकडीवर, पायऱ्यांच्या गल्लीतले वरून दुसरे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. त्या ‘बहुतेक’मुळे मी लिहायला बसले. माझे डोके ठिकाणावर आहे. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नसून एका माणसाच्या दबावाविरुद्ध लिहीत आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले, पण मला ते हवे आहेत. या बाईला वेड लागले होते, असे नंतर म्हटले जाणार आहे हे मला ठाऊक आहे.

१. घर. हे घर माझ्या पगारातून घेतलेले व माझ्या नावावर आहे. मला मूलबाळ नाही, आईवडील व भावंडे हयात नाहीत. त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे मीच ठरवायचे आहे.

माझे थोरले दीर, चिएन चिन-शुई, गल्लीत खालच्या वळणावर राहतात. त्यांच्या मते हे घर त्यांचा मुलगा पो-यू याचे आहे. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे लिहिते. ज्याला मुलगा नाही त्याच्या अंत्ययात्रेत उदबत्त्या खोचलेले तांदळाचे माप पुतण्याने धरायचे, आणि ज्याने माप धरले त्याला घर मिळायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. यांच्या वेळी माप पो-यूने धरले. मला त्या वेळी कोणी काही विचारले नाही, आणि मीही बोलले नाही.

गेल्या आठवड्यात थोरले फाटकाशी आले.

“माप कोणी धरलं?”

“पो-यूनं.”

“मग घर कोणाचं?”

“दादा, घर माझ्या नावावर आहे.”

“नावाचं काय सांगतेस! उद्या मांजरांच्या नावानं घरपट्टी भरशील तू. माझा पोरगा बस चालवून भाड्याच्या खोलीत निजतो, आणि इथं मांजरांना दोन मजले!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “दवाखान्यात जायच्या आधी ऐकून जा. तू गेलीस की मी आधी पोती आणणार, मग तुला घरात आणणार. मांजरं आहेत त्या घरात मी परत मढं ठेवू देणार नाही. एकदा शिकलोय.”

ते चिडून बोलले नाहीत, ठरवून बोलले. म्हणून पुढचे कलम.

२. माझे शव. मला घरीच आणावे, पुढच्या खोलीत फळ्यांवर ठेवावे, आणि मांजरांना बाहेर काढू नये, कोंडू नये, बांधू नये.

थोरले कशावरून शिकले ते इथे लिहून ठेवते. मांजर शवावरून उडी मारून गेले तर शव उठून बसते आणि समोर येईल त्याला मिठी मारते, असे आमच्याकडे मानतात. उठलेल्याच्या हातात झाडू द्यायचा असतो, माणूस सापडू द्यायचा नसतो. हे गेले त्या दिवशी थोरल्यांनी मांजरे पकडून मासळीच्या खोक्यांत घातली, झाकणे दोरीने बांधली आणि खोकी धक्क्यावर यांच्या इंजिनदुरुस्तीच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. ऑगस्ट महिना होता. पत्र्याची शेड. संध्याकाळी मी खोकी उघडली तेव्हा शेवंती मेलेली होती. ती यांच्या पायाशी झोपत असे. थोरले म्हणाले, “मुद्दाम केलं का मी? एका मांजरासाठी माझ्याकडे असं बघू नकोस.” मुद्दाम केले नव्हते हे मला मान्य आहे. मी त्यांच्याकडे बघणे थांबवू शकलेले नाही.

तिपाई नावाची तीन पायांची मांजर मात्र त्यांच्या हाती लागली नव्हती. ती देवाच्या टेबलाखाली पडद्याआड होती. दुपारी मंत्रपठण चालू असताना ती बाहेर आली आणि यांच्या छातीवरून उडी मारून खिडकीत गेली. तीन पायांवर इतकी लांब उडी तिने आधी कधी मारली नव्हती.

सगळे पळाले. मंत्र म्हणणाऱ्या बाई घंटा हातात घेऊनच पायऱ्या उतरल्या. थोरले अंगणातून ओरडत होते, “झाडू! अरे, झाडू द्या त्याला!” पो-यू झाडू घेऊन आत आला आणि यांच्या पायाशी उभा राहिला. मी उशाशी होते.

मी वाट पाहत होते. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. हा माणूस उठेल या भीतीने घर रिकामे झाले होते, आणि मी मनात म्हणत होते, ऊठ. झाडू मध्ये नको म्हणून मी पो-यूला हाताने खूण केली. त्याने झाडू भिंतीला लावला आणि माझ्यासारखाच बघत राहिला. बराच वेळ गेला. यांचा चेहरा तसाच राहिला.

मग पो-यू हळूच म्हणाला, “काकू, ते नाही उठायचे. उठवायला गेलं की काका कायम म्हणायचे, पाच मिनिटं थांब.”

त्या दिवशी मी तेवढ्यापुरती हसले.

३. मांजरे. सगळी धक्क्यावरची, यांनी आणलेली, नावेही यांनीच ठेवलेली. सगळ्यांच्या कानाचे टोक कापलेले आहे, म्हणजे शस्त्रक्रिया झालेली आहे, पुन्हा पकडून नेऊ नये.

डिझेल. काळा बोका, एका बोटीच्या इंजिनाखाली सापडला. भाताच्या कुकरवर झोपतो. भात झाल्यावर त्याला उठवू नये, आपण थांबावे.

आंधळी. भिंतीला अंग घासत चालते. तिच्यासाठी कपाट, टेबल व तांदळाचा डबा आहेत तिथेच राहावेत. घर रंगवायचे झाले तरी सामान हलवू नये.

सुकट. हातावर दिलेलेच खातो. बशीत ठेवले तर उपाशी राहतो व आपल्यालाच अपराधी वाटायला लावतो.

तिपाई. तिच्याविषयी वर आले आहे. तिला कोणी त्या उडीवरून बोलू नये.

जकात. पिवळी, मोठी. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते व सुका मासा दिल्याशिवाय वर जाऊ देत नाही. वीजमीटर बघायला येणारा माणूसही खिशात मासा ठेवतो.

हे लिहिताना जकात घरात नाही. सकाळपासून पायरी रिकामी आहे. मी मासा घेऊन दोनदा वरपर्यंत गेले, कोणी अडवले नाही. खाली चौकात माशांच्या गोळ्यांचे सूप विकणारी आ-गिम सांगते की काल थोरल्यांनी एक तारेचा पिंजरा विकत आणला. “उंदरांसाठी म्हणाला. एवढा मोठा उंदीर असता तर मी दुकान बंद केलं असतं,” असे तिचे शब्द. मी त्यांच्या दारात गेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार उघडले नाही. डॉक्टरांनी मला पायऱ्या चढायला मनाई केली आहे. तरी चढून परत आले आणि पुढे लिहीत आहे, कारण आता हे आजच पूर्ण व्हायला हवे.

४. इतर. यांचे पाने व हत्यारे शेडमधला भागीदार घेऊन जाईल, त्याच्याशी बोलणे झाले आहे. बँकेतली रक्कम आधी दवाखान्याला, उरेल ती मांजरांच्या औषधपाण्यासाठी पशुवैद्य डॉ. कु यांच्याकडे. माझे दागिने आ-गिमने घ्यावेत. तिने ते कधीच मागितले नाहीत, मात्र लग्नसमारंभात नेहमी माझ्या कानांकडे बघितले आहे.

५. घर कोणाला. घर चिएन पो-यू याला द्यावे. त्याने इथे राहावे, वरील सर्व मांजरे त्यांच्या मरणापर्यंत इथेच सांभाळावीत, आणि एकही मांजर जिवंत असेतो घर विकू नये.

घर त्याला माप धरल्यामुळे मिळत नाही, झाडू खाली ठेवल्यामुळे मिळते. हे स्पष्ट राहावे म्हणून माझ्या वेळी त्याने माप धरू नये. माप टेबलावर राहील. घर रीतीने मिळाले असे ठरले, तर रीत दाखवून मांजरेही बाहेर काढता येतील.

मी हे मंगळवारी पो-यूला सांगितले. तो म्हणाला, “बाबांशी बोलतो.” त्यानंतर तो आलेला नाही. त्याने नकार दिला तर घर विकून डॉ. कु यांनी मांजरांना मिळतील तशी घरे शोधावीत. आंधळीला दुसऱ्या घरात भिंती सापडणार नाहीत. सुकटला कोण हातावर भरवील माहीत नाही. पण पोत्यांपेक्षा ते बरे.

(पुढील मजकूर दुसऱ्या दिवशी, शनिवारी वाढवला आहे. समासात सही केली आहे.)

आज सकाळी साक्षीदार यायच्या आधी पो-यू आला. बसचालकाचा कोट त्याने अंगात न घालता पोटाशी गुंडाळून धरला होता आणि कोटातून जकातीचे डोके बाहेर होते. त्याचे दोन्ही हात ओरबाडलेले होते.

“मागच्या अंगणात होती, पिंजऱ्यात. बाबांनी तळलेला मासा लावला होता.”

“खाल्ला तिनं?”

“काटासुद्धा ठेवला नाही. वर मी सोडवायला गेलो तर मला हे.” त्याने हात दाखवले.

“वडील काय म्हणाले?”

“म्हणाले, ते मांजर घेऊन दाराबाहेर गेलास तर परत येऊ नकोस.”

जकात तिच्या पायरीवर जाऊन बसली. मी त्याला हा कागद दिला. त्याने उभ्यानेच वाचला, पाचव्या कलमाशी थांबला, पुन्हा वाचला.

“माप धरायचं नाही म्हणता. ठीक. मांजरं सांभाळीन. सामान हलवणार नाही. पण काकू, माझीही एक अट आहे.”

“बोल.”

“तुमच्या वेळी मांजरं आत राहतील आणि बाबाही आत येतील. त्यांना दारात अडवायचं नाही. ते पायरीवर उभे राहणार असतील तर मला हे घर नको, दुसऱ्या कोणाला द्या.”

“शेवंती विसरलास?”

“नाही. खोकं उचलून शेडमध्ये मीच नेलं होतं, काकू. बाबांनी सांगितलं म्हणून.”

हे मला माहीत नव्हते. मी चहा ठेवला. डिझेल कुकरवर झोपला होता म्हणून चहाबरोबर भात देता आला नाही, बिस्किटे दिली. त्याला कामावर जायचे होते. तो उत्तरासाठी थांबला होता, मला घाई मात्र केली नाही.

६. म्हणून हे कलम. माझे शव घरात असताना चिएन चिन-शुई आले तर दार उघडावे. ते मांजरांना घाबरतात. लग्न होऊन मी या घराण्यात आले त्या वर्षी एक पिल्लू त्यांच्या पायावरून गेले आणि ते जेवण सोडून उठले. सगळ्यांना वाटले रागावले. मी समोरच बसले होते, त्यांचे हात थरथरताना मी पाहिले. हे मी कोणाला सांगितले नाही आणि त्यांनाही कधी कळू दिले नाही. त्यांना भिंतीकडची खुर्ची द्यावी. पो-यूने त्यांच्या शेजारी उभे राहावे, आणि ते जाईपर्यंत तिथून हलू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले व मला मान्य आहे.

यू पी-शिया (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. रुआन गिम, ऊर्फ आ-गिम, सूपविक्रेती, चौक. (सही करण्यापूर्वी मी तिला सांगितले की यामुळे थोरले तिच्याकडचे सूप बंद करतील. ती म्हणाली, “करू दे, तसाही रोज मीठ कमी म्हणतो.” दागिन्यांचे कलम वाचल्यावर वकिलांनी तिची सही साक्षीदार म्हणून धरता येणार नाही असे कळवले. ती पुसायला तयार नाही, म्हणून राहू दिली आहे.)
२. डॉ. कु शि-हाओ, पशुवैद्य. (त्यांच्याकडे जाणारी रक्कम मांजरांची आहे, त्यांची नव्हे, म्हणून त्यांची सही चालेल असे वकील म्हणाले.)
३. पान शू-छिन, कोळी सहकारी संस्थेतील माझ्या जुन्या सहकारी.

कीलुंग, शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४